मापकाचे माप

किराणा दुकानातल्या वजनांवर सरकारी शिक्का असतो, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. वजन झिजते, तराजूचा काटा सरकतो, म्हणून ठरावीक मुदतीने पडताळणी करावी लागते. विजेचा दाब किंवा वारंवारता मोजणाऱ्या उपकरणांचेही तसेच आहे. त्यांच्या पडताळणीला आणि जुळवणीला कॅलिब्रेशन म्हणतात. माझी सारी नोकरी याच कामात गेली. या कामाच्या इतिहासातला एक पेच आज आपल्यापुढे मांडतो.

१९३९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावी एका गॅरेजमध्ये ह्यूलेट-पॅकार्ड कंपनी सुरू झाली. तिचे पहिले उपकरण ऑसिलेटर होते. त्या काळच्या उपकरणांची जुळवणी हातानेच होई. कोणता स्क्रू फिरवायचा आणि काटा कुठे यायला हवा, हे माहितीपुस्तकात छापलेले असे. ते वाचता येणारा माणूस आणि एक खात्रीचे प्रमाण, एवढे पुरत असे.

पुढे संगणक आला. उपकरणे संगणकाला जोडण्याची ह्यूलेट-पॅकार्डची पद्धत १९७५ मध्ये आयईईई-४८८ या नावाने सर्वमान्य झाली. २४ पिनांच्या केबलने १५ यंत्रे एकत्र जोडता येऊ लागली. संगणक हुकूम देई, उपकरण आकडा सांगे, नोंद आपोआप होई. हळूहळू स्क्रू गेले. दुरुस्तीचे आकडे उपकरणातल्या स्मृतिचिपमध्ये साठवले जाऊ लागले. अनेक उपकरणांत ती स्मृती एका छोट्या लिथियम बॅटरीवर जगते. आणि ते आकडे लिहिणारा प्रोग्रॅम निर्मात्याचा, बहुधा डॉसवर चालणारा.

आम्हाला आनंदच झाला. पण उपकरण तीस वर्षे चालते आणि संगणक दहा वर्षांत मोडीत निघतो, हा हिशेब तेव्हा आम्ही केला नाही.

तो हिशेब एका ऑसिलोस्कोपने करायला लावला. बॅटरी संपली आणि सारे दुरुस्तीचे आकडे पुसले गेले. यंत्र धडधाकट, पडदा लख्ख, पण दाखवलेल्या आकड्यावर विश्वास ठेवता येईना. फ्लॉपी कपाटात सापडली, पण ती घालायला संगणकात जागा नव्हती आणि जुने जोडणीकार्ड बसवायला खाच नव्हती. प्रोग्रॅम कसाबसा नव्या संगणकावर आणला, तर तो भलत्या घाईने धावू लागला. जुने प्रोग्रॅम थांबण्यासाठी नुसतेच आकडे मोजत बसत. वेगवान संगणक ते क्षणात मोजून टाकतो आणि उपकरण स्थिरावण्याआधीच नोंद घेतो. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले कित्येक प्रोग्रॅम तर वेगवान संगणकावर सुरू होताच '२०० क्रमांकाची चूक' दाखवून बंद पडत. शेवटी अडगळीतला जुना संगणक पुसूनपासून उभा केला, तेव्हा काम झाले.

म्हणून जुन्या उपकरणांचे जाणकार बॅटरी संपण्याआधीच चिपमधले आकडे उतरवून ठेवतात आणि एखादा जुना संगणक जपून ठेवतात.

मग दोष संगणकाचा का? मला तसे वाटत नाही. ह्यूलेट-पॅकार्डचाच १९८९ मधला ३४५८ए हा मल्टिमीटर पाहा. त्याचेही आकडे बॅटरीवरच्या स्मृतीत असतात. पण दाब आणि रोधाची जुळवणी १० व्होल्ट आणि १० किलोओहमची प्रमाणे जोडून, पुढच्या बटणांवरूनही करता येते. आज्ञा माहितीपुस्तकात छापलेल्या आहेत. ज्याला वाचता येते, त्याला त्या देता येतात.

फरक एवढाच की एका ठिकाणी रीत कागदावर राहिली आणि दुसरीकडे ती प्रोग्रॅमच्या पोटात गेली. प्रोग्रॅम बंद पडला, तशी रीतही गेली. म्हणून नव्या मुलांना मी एकच सांगतो: प्रोग्रॅम जरूर वापरा, पण तो काय करतो ते साध्या भाषेत वहीत लिहून ठेवा. ती वही उघडायला कोणताही विशिष्ट संगणक लागणार नाही.