जुनं घर स्वतः दुरुस्त करताय? फोन काय मोजू शकतो आणि काय नाही



मागच्या वर्षी आम्ही जळकोटमध्ये एक जुनं घर विकत घेतलं. आधी एक गोंधळ मिटवतो. मॅपवर 'जळकोट' टाकलं की बऱ्याचदा लातूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं जळकोट समोर येतं. आमचं जळकोट धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यात, सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्गच्या पुढे आहे. आमच्या फरशीचा टेम्पो एकदा त्या दुसऱ्या जळकोटच्या रस्त्याला लागला होता! त्यामुळे पहिली टीप इथेच: सामान मागवताना गावाचं नाव सांगून थांबू नका, लोकेशन पिन पाठवा.

घर दगड-मातीचं, वर माळवद, मागे मोकळं अंगण. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सोमवार ते शुक्रवार लॅपटॉप आणि शनिवार-रविवार घमेलं-फावडं, असं माझं वर्ष गेलं. सुरुवातीला वाटलं होतं, फोनमध्ये टेप आहे, लेव्हल आहे, मेटल डिटेक्टर आहे, जीपीएस आहे, अजून काय पाहिजे? या लेखात आपण बघणार आहोत की ही अ‍ॅप्स नेमकी कशी काम करतात, त्यांची चूक किती असते आणि कुठे फोन खिशात ठेवून माणसाला विचारायचं.

१. कॅमेऱ्याने लांबी मोजणारी अ‍ॅप्स

आयफोनमध्ये मेजर अ‍ॅप असतं. गुगलचं असंच अ‍ॅप २०२१ मध्ये बंद झालं, पण अँड्रॉइडवर इतर कंपन्यांची अ‍ॅप्स मिळतात. ही अ‍ॅप्स कॅमेऱ्यात दिसणारे ठळक बिंदू (कोपरे, डाग, फरशीच्या रेषा) पकडतात आणि फोन किती हलला हे मोशन सेन्सरवरून काढतात. दोन्हींचा मेळ घालून अंतर ठरतं.

म्हणजे ठळक बिंदूच नसतील तर अ‍ॅप गडबडतं. आमच्या माजघराच्या भिंती चुन्याने पांढऱ्या केलेल्या, त्यात उजेड कमी. एकाच भिंतीची लांबी एकदा ११ फूट ७ इंच आली, दुसऱ्यांदा १२ फूट ४ इंच. टेपने मोजली तर १२ फूट १ इंच! काही महागड्या फोनमध्ये लायडार सेन्सर असतो. तो प्रकाश सोडून तो परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो, त्यामुळे कोऱ्या भिंतीवरही बरा चालतो. तरी चौकट बनवताना अर्धा इंचाची चूकसुद्धा महाग पडते.

कधी वापरायचं: रंग किती लागेल, पलंग मावेल का, असा अंदाज घ्यायला.
कधी नाही: दार, खिडकी, ओटा, फरशी कापताना. तिथे साधी स्टीलची टेपच.

खोलीचा काटकोन तपासायलाही अ‍ॅप लागत नाही. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर आणि दुसरीवर ४ फुटांवर खूण करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट आलं तर कोपरा गुण्यात आहे. शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय शेवटी इथे कामाला आलं.

२. लेव्हल अ‍ॅप आणि गवंड्याची पाण्याची नळी

फोनमधला अ‍ॅक्सिलरोमीटर गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो. त्यावरून फोन किती कललाय हे कळतं. पण फोनच्या पाठीवर कॅमेऱ्याचा उंचवटा असतो, वर कव्हर असतं आणि सेन्सरचं कॅलिब्रेशन थोडं हललेलं असू शकतं.

समजा चूक फक्त अर्ध्या अंशाची आहे. १० फुटांच्या अंतरावर त्याचा फरक साधारण अडीच सेंटीमीटर, म्हणजे एक इंच होतो. आता न्हाणीघराचं बघा. पाणी वाहून जायला मीटरला १ सेंटीमीटर उतार देतात. हा उतार अंशात काढला तर अर्ध्या अंशाच्या जरासाच वर येतो. म्हणजे फोनची चूक आणि लागणारा उतार जवळपास सारखेच! माझ्या न्हाणीघरात पहिल्यांदा पाणी जाळीकडे न जाता दाराकडे आलं, त्याचं कारण हेच. फरशी उखडावी लागली.

आमच्या गवंडीमामांनी मग पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकं दोन भिंतींना लावली. नळीत बुडबुडा नसेल तर दोन्हीकडची पाण्याची पातळी एकच असते, कॅलिब्रेशनचा प्रश्नच नाही.

अ‍ॅपच वापरायचं असेल तर ही चाचणी करा: फोन सपाट जागी ठेवून आकडा बघा, मग त्याच जागी १८० अंश फिरवून ठेवा. दोन आकड्यांमधल्या फरकाच्या निम्मी चूक तुमच्या फोनची आहे.

३. भिंतीच्या आत काय आहे?

मेटल डिटेक्टर नावाची अ‍ॅप्स फोनमधला मॅग्नेटोमीटर, म्हणजे होकायंत्राचा सेन्सर वापरतात. तो लोखंड जवळ आलं की दाखवतो. तांब्याची वायर आणि प्लास्टिकचा पाइप त्याला सहसा दिसत नाही. त्यामुळे 'अ‍ॅपमध्ये काही आलं नाही' म्हणून ड्रिल मारू नका. आधी मेन स्विच बंद करा.

पण माझी मोठी चूक वेगळीच होती. मी फोनवर घराचा थ्रीडी नकाशा बनवला. त्यात भिंत ओढली की सरकते, खिडकी टाकली की बसते. मला अंगणाच्या बाजूला मोठी खिडकी हवी होती. भिंत जवळपास दोन फूट जाड, म्हणजे मजबूतच असणार असं धरून मी पहारीने दोन दगड काढले. आतून माती आणि बारीक दगड भसाभसा खाली आले आणि बाहेरचा थर फुगल्यासारखा दिसायला लागला. मामा ओरडले, "मागं सरक! अन् आधी तुळईला टेकू दे!"

झालं असं की जुनी जाड भिंत बऱ्याचदा एक भिंत नसतेच. आतला आणि बाहेरचा असे दगडांचे दोन थर असतात आणि मधल्या पोकळीत माती-गोटे भरलेले असतात. दोन्ही थरांना बांधणारे आरपार लांब दगड नसतील तर हादऱ्यात हे थर एकमेकांपासून सुटतात. फोनवरच्या नकाशात भिंत म्हणजे फक्त एक रेष. ती आतून कशी आहे, हे कोणताच कॅमेरा सांगत नाही.

त्या दिवशी आई स्वयंपाकघरातून धावत आली. तिला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला, आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली, त्यातली बरीचशी आपल्याच घराच्या दगड-मातीखाली. आई म्हणते, त्यानंतर कितीतरी रात्री त्यांची सगळी गल्ली बाहेर झोपायची. माझा जन्म त्यानंतरचा. म्हणून मला ती जाड भिंत भक्कम वाटत होती आणि तिला तिची भीती वाटत होती.

काम थांबवून सोलापूरहून स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावले. इंजिनिअर मीही आहे, पण कॉम्प्युटरचा! त्यांनी सांगितलेले तीन उपाय आपल्या भागातल्या कुठल्याही दगडी घराला विचारण्यासारखे आहेत:

- भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक घेऊन त्यात सळईसह काँक्रीट भरणं, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना बांधले जातात.
- दारं-खिडक्यांच्या वर, घराभोवती जाळीचा पट्टा बसवून त्यावर सिमेंटचा गिलावा.
- लाकडी खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरके आधार.

मोठी खिडकी रद्द झाली. जुनीच खिडकी दुरुस्त केली.

४. छताचं वजन: इथे फोन खरंच कामाला आला

माळवद म्हणजे लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि वर मातीचा थर. गळती थांबवायला दर काही वर्षांनी वर नवी माती टाकायची पद्धत, त्यामुळे थर वाढतच जातो. आमच्याकडे तो दीड फूट निघाला. आता कॅल्क्युलेटर उघडा:

- खोली १० बाय १२ फूट = १२० चौरस फूट, म्हणजे साधारण ११ चौरस मीटर
- थर दीड फूट = साधारण ०.४६ मीटर
- आकारमान = साधारण ५ घनमीटर
- दाबलेली कोरडी माती घनमीटरला साधारण १६०० किलो धरली तर = ८००० किलो

एका खोलीच्या डोक्यावर आठ टन! पावसात माती भिजली की अजून जास्त. हा आकडा बघितल्यावर घरात कुणाला पटवून द्यायची गरज उरली नाही. माती काढून हलके पत्रे टाकायचं ठरलं. माती काढताना आधी तुळयांना टेकू दिले, दोन्ही बाजूंनी सारखी काढली आणि छतावर एका जागी ढीग केला नाही. पत्रे हलके म्हणून वाऱ्याने उडू शकतात, ते नीट आवळून घेतले. माळवदाचा गारवा गेला हे खरं, त्यासाठी पत्र्याखाली सीलिंग केलं.

५. हद्द: निळ्या ठिपक्यावर कुंपण घालू नका

मोकळ्या आभाळाखालीही फोनच्या जीपीएसची चूक साधारण ५ मीटरपर्यंत असते, म्हणजे १६ फूट. भिंतीजवळ आणि झाडाखाली अजून जास्त. आमचा प्लॉटच ४० फूट रुंद! मी उत्साहात फोन बघत कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या, तर एक खुंटी शेजारच्या काकांच्या गोठ्यापाशी गेली. काका शांतपणे म्हणाले, "बाळा, तुझ्या फोनला विचारून माझा गोठा बांधला नव्हता. मोजणी आण, मग बोलू."

त्यांचं बरोबर होतं. हद्दीसाठी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी लागते. तिथे वापरतात तो रोव्हरही उपग्रहाचेच सिग्नल घेतो, पण त्याला जागा पक्की माहीत असलेल्या स्थिर केंद्राकडून सतत दुरुस्ती मिळते, म्हणून चूक काही सेंटीमीटरवर येते. शेतजमीन असेल तर सातबारा महाभूलेखवर बघा. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८ मागा. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मालमत्ता पत्रक मिळतं, तुमच्या गावाचं झालंय का ते विचारा. मी खुंट्या काढल्या, मोजणी झाल्यावरच कुंपण घातलं.

६. अंगण, पाणी आणि झाडं

१ चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. आमचे पत्रे ६० चौरस मीटर. वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला तरी ३३,६०० लिटर होतात. पन्हळ लावून ते टाकीत घेतलं, जास्तीचं शोषखड्ड्यात, तोही भिंतीपासून लांब. कारण काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. तशीच तिच्यावर फरशी टाकली तर ती उचलते. आम्ही वरची काळी माती काढून मुरूम भरून दाबला.

झाडं कमी पाण्याची: कडुनिंब, शेवगा, सीताफळ, कढीपत्ता. दुपारभर दर तासाला एकाच जागेवरून फोटो काढला तर सावली कुठे पडते ते कळतं. पश्चिमेची भिंत सगळ्यात तापते, म्हणून कडुनिंब त्या बाजूला, पण घरापासून चांगला वीस फूट लांब.

७. सगळ्यात उपयोगी अ‍ॅप: साधा कॅमेरा

- गिलावा करण्याआधी प्रत्येक वायरचा आणि पाइपचा फोटो घ्या, बाजूला टेप उघडी धरून. पुढे खिळा मारताना हाच तुमचा एक्सरे.
- भिंतीतल्या भेगेजवळ पट्टी धरून दर महिन्याला फोटो काढा. भेगेवर प्लॅस्टरचा छोटा ठिपका लावून त्यावर तारीख लिहा. ठिपका तडकला तर भेग अजून वाढतेय, लगेच इंजिनिअरला दाखवा.
- सिमेंट, सळई, मजुरी सगळं गुगल शीट्समध्ये, बिलाच्या फोटोसकट. रोख दिलेली मजुरी त्याच दिवशी लिहा, आठवड्याने आठवत नाही.

थोडक्यात

अंदाज, हिशोब आणि नोंद: फोन.
अचूक माप: टेप, ओळंबा, पाण्याची नळी.
हद्द: सरकारी मोजणी.
भिंत आणि छत: स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि अनुभवी गवंडी.

जुनं घर घेतलं असेल तर रंगाचा पहिला डबा आणण्याआधी एकदा छतावर जा आणि मातीचा थर किती आहे ते टेपने मोजा. वरचा हिशोब तुमच्या खोलीला लावून बघा आणि तो आकडा घरात सगळ्यांना दाखवा. आमच्या घरी आई आता त्या माजघरात निवांत झोपते.