सत्तावन्नच्या धामधुमीतील एक कावड

ज्ञानवापीच्या कूपावरील दगडी मंडप आपणांपैकी बहुतेकांनी पाहिला असेल. तो ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८२८ साली बांधविला, हे मात्र थोड्यांच्याच ध्यानी असते. याच बायजाबाई मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार, ही वार्ता पुढे कोकणात पोहोचली आणि पेणजवळील वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या आरंभी काका रामभटांसह उत्तरेकडे निघाले. घरावर कर्ज होते. दक्षिणेने ते फिटावे आणि गंगास्नानही घडावे, एवढीच अपेक्षा. महूच्या सुमारास शिपायांच्या बंडाची वार्ता कानी आली. तरी ते मागे फिरले नाहीत.

युद्धाच्या वणव्यात धर्माचरणाचे काय होते? अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवीत परस्परांशी लढणाऱ्या दोन्ही छावण्यांत बाप्तिस्त उपदेशक एकाच देवाची प्रार्थना चालवीत. आपल्याकडे काडतुसांच्या चरबीने धर्मभावना पेटली. काशीतही ४ जून १८५७ रोजी ३७ व्या पलटणीची शस्त्रे काढून घेताना गोळीबार झाला व मागाहून फाशीचे सत्र चालले. परंतु धर्म हे जसे लढण्याचे निमित्त होते, तसाच तो नित्याचा आधारही होता. हे दुसरे रूप गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथात दिसते.

झाशीचा वेढा आणि एप्रिल १८५८ मधील कत्तल व लूट त्यांनी शहरात राहूनच अनुभविली. मिळविलेली दक्षिणा गेली. पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी तृषार्त राणी लक्ष्मीबाई भेटली. भटजी पाणी काढू लागले, तेव्हा विद्वान ब्राह्मणास असे श्रम देणे तिला रुचले नाही. मडके घेऊन तिने स्वतःच पाणी शेंदले. राज्य गेले होते, मर्यादा सुटली नव्हती.

अखेरीस गोडसे द्रव्याऐवजी गंगाजलाची कावड खांद्यावरून वाहत घरी परतले व त्या जलाने त्यांनी मातापित्यांस स्नान घातले. चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी १८८३ च्या सुमारास ही हकीकत लिहिली. १९०७ साली वैद्यांनी ती फेरफारांसह छापली. मूळ पाठ दत्तो वामन पोतदारांमुळे १९६६ साली वाचकांपुढे आला.

आपणही बहुतेक पोटासाठीच उत्तरेस आलो. परत जाताना खांद्यावर काय असेल, हे आपले आपणच ठरवावयाचे आहे.