नुसतं बोलायचे दीड हजार? थेरपीच्या पहिल्या तासाचा इतिहास

बसमध्ये हेडफोन विसरलेल्यांसाठी आणि ऐकण्यापेक्षा वाचणं आवडणाऱ्यांसाठी हा आजच्या भागाचा मजकूर.

सुरुवात माझ्यापासून करतो. मागच्या वर्षी मला रोज रात्री तीनच्या सुमारास जाग यायला लागली. छातीत धडधड, तळहाताला घाम. ईसीजी काढला, नॉर्मल आला. फॅमिली डॉक्टर म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे, आता जरा मनाकडे बघ." पुण्यात एका थेरपिस्टची वेळ घेतली. नेमकं त्याच संध्याकाळी ऑफिसात प्रॉडक्शनला काहीतरी फुटलं आणि मी गेलोच नाही. दुसऱ्या दिवशी मेसेज आला : आयत्या वेळी सेशन चुकवलं, पूर्ण फी लागू.

मी भडकलो. रात्री सांगलीला फोन केला तेव्हा बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "नुसतं बोलायचे दीड हजार? आणि बोलला नाहीस तरी दीड हजार? आमच्या कट्ट्यावर ये, चहा पण पाजतो."

मी हसलो, पण मला उत्तर देता आलं नाही. मग मी आपल्या सवयीप्रमाणे कोड कुणी आणि का लिहिलं ते शोधायला निघालो. हा नियम आला कुठून? ठरलेला तास, आगाऊ सांगितलेली फी, 'मनात येईल ते बोला' हे वाक्य, हे सगळं कुणी ठरवलं?

गोष्ट सुरू होते व्हिएन्नात, 1880 साली. योसेफ ब्रॉयर नावाचे नावाजलेले डॉक्टर एका एकवीस वर्षांच्या मुलीवर उपचार करत होते. तिचं नाव बेर्टा पापेनहाइम. वडील आजारी, त्यांची सेवा करता करता तीच कोसळली. हात लुळा पडायचा, नजर बिघडायची, मध्येच स्वतःची जर्मन भाषाच बोलता येईना, फक्त इंग्रजी यायची. ब्रॉयर तिच्या घरी जाऊन बसत आणि ती बोलत राही. बोलून झालं की थोडा वेळ तिला हलकं वाटे. या प्रकाराला तिनेच इंग्रजीत नाव दिलं, 'टॉकिंग क्युअर'. गमतीत ती त्याला 'चिमणी साफ करणं' असंही म्हणायची. म्हणजे या उपचाराचं नाव डॉक्टरने नाही, पेशंटने ठेवलंय. मला हे फार आवडलं.

पण इथे एक गोष्ट लपवायला नको. 1895 साली ब्रॉयर आणि सिग्मुंड फ्रॉइड यांनी हिस्टेरियावरचं पुस्तक काढलं. त्यात तिला 'ॲना ओ.' हे टोपणनाव दिलं आणि ती बरी झाली असं चित्र उभं केलं. प्रत्यक्षात 1882 मध्ये ब्रॉयर यांचे उपचार थांबल्यावर तिला स्वित्झर्लंडमधल्या सॅनेटोरियममध्ये राहावं लागलं. बरं व्हायला बरीच वर्षं गेली. पुढे तिने 1904 मध्ये जर्मनीत ज्यू स्त्रियांची मोठी संघटना उभी केली. मुद्दा एवढाच की 'बोललं आणि झालं' असं पहिल्या केसमध्येही घडलं नव्हतं.

ब्रॉयर यांच्या पद्धतीला वेळेचं बंधन नव्हतं. डॉक्टर घरी येणार, वाटेल तितका वेळ बसणार. नियम आले ते फ्रॉइडपासून. व्हिएन्नातल्या बेर्गगासे 19 या पत्त्यावर तो 1891 पासून 1938 पर्यंत राहिला आणि पेशंटही तिथेच बघायचा. 1913 साली त्याने उपचारांची सुरुवात कशी करावी यावर एक लेख लिहिला. तो वाचताना मला माझ्या थेरपिस्टचा मेसेजच वाचतोय असं वाटलं.

त्यात तो सांगतो : प्रत्येक पेशंटला दिवसातला एक ठरावीक तास. तो तास त्याचा, वापरला नाही तरी पैसे त्याचेच. उदाहरण देतो संगीत किंवा भाषा शिकवणाऱ्या मास्तरांचं. त्यांची वेळ आपण अडवून ठेवतोच ना? कारणही सरळ आहे. सूट दिली की नेमकं अवघड विषय निघायच्या दिवशीच पेशंटला 'काम' निघतं. हे वाचून मी लॅपटॉप मिटला. त्या संध्याकाळी प्रॉडक्शन फुटलं होतं हे खरं, पण टीममधलं दुसरं कुणीही ते बघू शकलं असतं हेही खरं.

पैशांबद्दल तो म्हणतो की आधीच मोकळेपणाने बोलून घ्यावं आणि ठरावीक मुदतीने घेत जावं, थकबाकी साचू देऊ नये. पहिला आठवडा-दोन आठवडे चाचणीचे समजावेत. आणि 'मनात येईल ते बोला' यासाठी त्याने आगगाडीचा दाखला दिलाय. खिडकीपाशी बसलेला प्रवासी आत बसलेल्याला बाहेर काय दिसतंय ते सांगत जातो, तसं सांगा. आपल्याला हे समजायला डेक्कन क्वीनची खिडकी पुरे. बोगदा आला तर 'आता बोगदा आलाय' एवढंच सांगायचं. क्षुल्लक आहे, लाज वाटते, विषयाशी संबंध नाही, म्हणून गाळायचं नाही.

आणि तो प्रसिद्ध कोच? त्यामागे मोठं गूढ वगैरे नाही. आधी तो संमोहन वापरायचा, त्यातून पलंग उरला. शिवाय दिवसाचे आठ तास लोकांनी आपल्याकडे टक लावून बघावं हे त्याला सहन होत नसे. तो स्वतःच कबूल करतो.

आता बाबांच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. दीड हजार ज्याच्याकडे नाहीत त्याचं काय? फ्रॉइडने अनेक वर्षं रोज एक-दोन तास फुकट दिले होते. त्याचा निष्कर्ष असा की फुकट उपचारात पेशंट उपकाराच्या ओझ्याखाली अडकतो. पण 1918 मध्ये बुडापेस्टच्या परिषदेत त्यानेच सांगितलं की गरिबालाही मनाच्या उपचाराचा तितकाच हक्क आहे, जितका शस्त्रक्रियेचा. त्यानंतर 1920 मध्ये बर्लिनला आणि 1922 मध्ये व्हिएन्नात अशी केंद्रं सुरू झाली, जिथे ऐपत नसलेल्यांवरही उपचार व्हायचे.

त्याच 1922 साली कोलकात्यात डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि ते त्याच्याशी वादही घालायचे. 1933 मध्ये त्यांनी तिथल्या कारमायकेल मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मानसिक आजारांची ओपीडी सुरू केली. म्हणजे हे 'आत्ताचं पोरांचं फॅड' नाही. आपल्या देशात त्याला शंभर वर्षं झाली.

पण नियम फक्त डॉक्टरच्या बाजूचे असतील तर काय होतं? त्यासाठी इडा बाउअरची गोष्ट. 1900 साली अठरा वर्षांच्या इडाला तिचे वडील फ्रॉइडकडे घेऊन आले. वडिलांच्या मित्राने आपल्याशी गैरवर्तन केलं असं ती सांगत होती आणि वडील विश्वास ठेवत नव्हते. फ्रॉइडने तिच्यावर अविश्वास दाखवला नाही, पण तिच्या मनात त्या माणसाबद्दल प्रेमच आहे हे तिला पटवायच्या मागे तो लागला. अकरा आठवड्यांनी, 31 डिसेंबरला तिने सांगितलं, आजचा शेवटचा दिवस. आणि गेली. 1905 मध्ये फ्रॉइडने 'डोरा' या नावाने ही केस छापली आणि आपलं काय चुकलं याचीही चर्चा केली. आज ही केस अभ्यासली जाते ती त्याच्या चुकांसाठीही.

ही गोष्ट मला वेळेवर भेटली. माझे पहिले थेरपिस्ट वाईट नव्हते, पण मी काहीही सांगितलं की ते लहानपणाकडे वळायचे. मला रात्री तीन वाजताचं सांगायचं होतं. तीन सेशननंतर मी थांबलो आणि महिनाभर अपराधी वाटत राहिलं. इडाला बोलायला शब्द होते. मी मात्र नुसताच गायब झालो. नंतर एक ओळीचा मेसेज टाकला : मला वेगळ्या पद्धतीची गरज आहे. त्यांनी शांतपणे दुसरं नाव सुचवलं. इतकं सोपं होतं ते.

वेगळी पद्धत म्हणजे काय, तर पुढे अमेरिकेत खुर्ची वळली. कार्ल रॉजर्स यांनी 1942 च्या पुस्तकात 'पेशंट' सोडून 'क्लायंट' म्हटलं आणि एका संपूर्ण उपचाराचं रेकॉर्डिंग शब्दशः छापलं. बंद दाराआड काय चालतं ते लोकांना वाचता आलं. मनोविश्लेषण शिकलेले अल्बर्ट एलिस 1955 च्या सुमारास त्याला कंटाळून आजच्या विचारांवर काम करायला लागले. त्यांचं विवेकनिष्ठ मानसोपचारशास्त्र मराठीत आणलं ते मुंबईच्या कि. मो. फडके यांनी. फिलाडेल्फियात ॲरन बेक यांनी नैराश्यावर काम करताना सेशनला अजेंडा आणि घरचा अभ्यास जोडला. माझ्या दुसऱ्या थेरपिस्टने पहिल्याच दिवशी मला वही दिली : जाग आली की त्या क्षणी काय विचार होता तो लिहायचा.

तर पहिल्या वेळी काय होईल? एक फॉर्म. झोप, भूक, घर, काम, आधीचे आजार, जीव द्यावासा वाटतो का, असे प्रश्न. शेवटचा प्रश्न सगळ्यांनाच विचारतात, घाबरू नका. वेळ बहुधा पन्नास मिनिटं. गुप्ततेबद्दल सांगतील. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो तुमचा हक्क आहे. कुणाच्या जिवाला धोका किंवा कोर्टाचा आदेश अशा मोजक्या वेळीच तो बाजूला ठेवता येतो. तुम्हीही विचारा : शिक्षण काय, नोंदणी आहे का, पद्धत कोणती, फी कमी होऊ शकते का. औषधं लागली तर ती मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर देतात. पैसेच नसतील किंवा आज रात्रच कठीण असेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट, मराठीतही.

किती दिवस लागतील? 1913 च्या त्या लेखात फ्रॉइड यावर इसापची गोष्ट सांगतो. वाटसरू विचारतो, गाव किती लांब? उत्तर मिळतं, चालून दाखव. तुझी चाल बघितल्याशिवाय कसं सांगू?

मध्ये सांगलीला गेलो तेव्हा बाबांना उत्तर दिलं. म्हटलं, "कट्ट्यावर मी बोललो की तुम्हीही तुमचं सांगणार, आणि सांगायलाच हवं. तिथे तो तास फक्त माझा असतो. म्हणून त्याचे पैसे."

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "तीन वाजता मलाही जाग येते रे. तुझी आजी गेली तेव्हापासून."

त्या दिवशी मी वहीचं एक कोरं पान त्यांना फाडून दिलं. पुढच्या भागात भेटू.