नऊशे वर्षांचे 'नवे' अरण्य : न्यू फॉरेस्टमधील सायकलभ्रमंती

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत, साउदम्प्टन आणि बोर्नमथ या शहरांच्या मधल्या पट्ट्यात पसरलेल्या अरण्याचे नाव 'न्यू फॉरेस्ट' असले, तरी त्यात नवे असे फारसे काही नाही. नॉर्मंडीहून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम राजाने १०७९ च्या सुमारास हा प्रदेश स्वतःच्या शिकारीसाठी राखून ठेवला. १०८६ मध्ये तयार झालेल्या 'डूम्सडे बुक' या जमीन-महसुलाच्या नोंदवहीत तो 'नोव्हा फोरेस्टा' म्हणून नोंदला गेला आणि नाव तेव्हापासून चिकटले ते आजतागायत. मार्च २००५ मध्ये या अरण्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. सुमारे ५७० चौरस किलोमीटरच्या या उद्यानात आज जगभरातून पर्यटक येतात आणि त्यांतील पुष्कळजण ते सायकलवरून पाहणे पसंत करतात.

घनदाट जंगलाच्या अपेक्षेने येणाऱ्याची येथे प्रथम थोडी निराशा होते. त्या काळी 'फॉरेस्ट' या शब्दाचा अर्थ झाडी असा नव्हता, तर राजाच्या शिकारीचा कायदा जेथे लागू होतो ती भूमी असा होता. त्यामुळे न्यू फॉरेस्टमध्ये ओक आणि बीचची शेकडो वर्षे वयाची वने जशी आहेत, तशीच मैलोगणती उघडी माळराने, दलदली आणि जनावरांनी खुरटून ठेवलेली हिरवळही आहे. ऑगस्टमध्ये हेदरची झुडपे फुलली की हे माळ जांभळे होतात. भूभाग जवळपास सपाट. सर्वांत उंच ठिकाणही १३० मीटरच्या आतच. शिवाय बऱ्याच भागात जमीन खडीची असल्याने पावसानंतर वाटा लवकर वापरण्याजोग्या होतात. इंग्लंडचा पाऊस ध्यानात घेता सायकलस्वारासाठी ही गोष्ट लहान नव्हे.

मात्र या अरण्यात सायकल वाटेल तेथे नेता येत नाही. खडी पसरलेल्या, आखून दिलेल्या वनवाटांचे सुमारे १६० किलोमीटरचे जाळे सायकलींसाठी खुले आहे. चौकाचौकात क्रमांक लिहिलेले लाकडी खांब आहेत आणि नकाशावरील क्रमांकाशी ते ताडून पाहत पुढे जायचे असते. वाट सोडून माळावर किंवा झाडीत शिरण्यास उपविधीने मनाई आहे. पायी चालणाऱ्याला मात्र जवळजवळ सर्वत्र मुभा आहे. हा भेद पाहून प्रथमच येणारे सायकलस्वार कुरकुरतात. परंतु त्यामागचे कारण समजले की न्यू फॉरेस्ट निम्मे समजल्यासारखे होते.

कारण असे, की ही भूमी मोकळी दिसत असली तरी रिकामी नाही. आपल्याकडे गावाला गायरान असते, तसे हे संपूर्ण अरण्य म्हणजे एक अवाढव्य गायरान आहे. शिकारीसाठी कुंपणे घालण्यास राजाने मज्जाव केला, तेव्हा भोवतालच्या शेतकऱ्यांना आपली जनावरे अरण्यात चारण्याची मुभा राहिली आणि हळूहळू त्या मुभेचे हक्क झाले. हे हक्क व्यक्तीला नव्हे, तर विशिष्ट घराला किंवा शेताला चिकटलेले आहेत. ते घर घेणाऱ्याकडे हक्कही जातो. अशा हक्कदारांना 'कॉमनर' म्हणतात. रस्त्याच्या कडेला निवांत चरणारी तट्टे पाहून ती रानटी असल्याचा समज होतो, पण त्यांतील प्रत्येकाला मालक आहे. सुमारे पाच हजार तट्टे, त्याखेरीज गाई आणि गाढवे अशी ही मोकाट दिसणारी संपत्ती वर्षभर अरण्यात फिरते.

या जनावरांचा हिशेब ठेवणारी यंत्रणा पाहण्याजोगी आहे. 'अ‍ॅजिस्टर' नावाचे कर्मचारी घोड्यावरून अथवा गाडीतून फिरून त्यांच्यावर देखरेख ठेवतात. शरद ऋतूत तट्टे हाकून एकत्र आणली जातात आणि मालकाने चराईपट्टी भरली की तट्टाच्या शेपटीचे केस ठराविक आकारात कापले जातात. कापण्याची तऱ्हा प्रत्येक अ‍ॅजिस्टरच्या विभागानुसार वेगळी. म्हणजे शेपटी पाहून पट्टी भरल्याचेही कळते आणि जनावर कोणत्या विभागाचे तेही कळते. याच ऋतूत डुकरे अरण्यात सोडण्याची प्रथा आहे. ओकची हिरवी फळे तट्टांना आणि गाईंना बाधतात, डुकरांना मात्र मानवतात. ती डुकरांनी फस्त करावीत, हा त्यामागचा साधा हिशेब. सप्टेंबरनंतर सायकलवरून जाणाऱ्याला वाटेत डुकरांचा कळप आडवा आला तर त्याने नवल करू नये.

तंटे आणि तक्रारी ऐकण्यासाठी लिंडहर्स्ट गावात 'व्हर्डरर' मंडळींचे न्यायासन आहे. दहा सदस्यांपैकी पाच हक्कदारांनी निवडून दिलेले असतात. बैठक जुन्या रीतीने पुकारा करून सुरू होते आणि अरण्याविषयी कोणाही नागरिकाला तेथे उभे राहून म्हणणे मांडता येते. सभागृहात एक मोठी रिकीब टांगलेली आहे. जो कुत्रा तिच्यातून आरपार जाईल तोच अरण्यात ठेवता येई आणि त्याहून थोराड कुत्र्याची नखे छाटली जात, म्हणजे तो राजाच्या हरणांमागे धावू शकत नसे, अशी आख्यायिका आहे. ही रिकीब मात्र ट्यूडर काळातील असल्याचे मानले जाते, म्हणजे आख्यायिकेतील राजापेक्षा ती काही शतकांनी धाकटी. एकोणिसाव्या शतकात सरकारने अरण्यात मोठ्या प्रमाणावर लाकडासाठी कुंपणे घालायला घेतली. त्याविरुद्ध बराच झगडा होऊन १८७७ चा कायदा झाला आणि नव्या कुंपणांना आळा बसला. तो कायदा झाला नसता, तर आज सायकलवरून पाहण्यासारखी मोकळी भूमी फारशी उरली नसती.

सायकलींवरूनही येथे वाद झाले आहेत. माळावर जमिनीलगत घरटी करणारे टिटवी, कुरल यांसारखे पक्षी आणि पावलानेही खचणाऱ्या दलदली यांना चाकांचा उपद्रव होतो, असा हक्कदारांचा आणि निसर्गप्रेमींचा आक्षेप असतो. २०१० नंतर शेकडो सायकलस्वारांच्या आयोजित फेऱ्या गावांच्या अरुंद रस्त्यांवरून धावू लागल्या, तेव्हा स्थानिकांचा रोष वाढला. काही फेऱ्यांच्या मार्गावर टाचण्या पसरून ठेवण्याचे निंद्य प्रकारही घडले. भाड्याच्या सायकलींची सार्वजनिक योजना आखण्यात आली होती, ती २०१४ मध्ये गुंडाळण्यात आली. दुसऱ्या बाजूचे म्हणणेही दुर्लक्षिण्याजोगे नाही. जनावरांचे खरे मारेकरी सायकली नसून मोटारी आहेत. कुंपण नसलेल्या रस्त्यांवर ताशी ४० मैलांची वेगमर्यादा असूनही दरवर्षी डझनावारी तट्टे, गाई आणि गाढवे वाहनांखाली मरतात. त्यातील बरेच अपघात अंधारात होतात, म्हणून अनेक तट्टांच्या गळ्यात प्रकाश परावर्तित करणारे पट्टे बांधलेले दिसतात. मोटार घरी ठेवून रेल्वेने येणारा सायकलस्वार अरण्यावरचा भार निदान तेवढा तरी हलका करतो.

रेल्वेने येणे सोपेही आहे. लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून ब्रॉकनहर्स्टला पोहोचण्यास सुमारे दीड तास लागतो आणि स्थानकाजवळच भाड्याने सायकली मिळतात. तेथून वायव्येकडे निघाले की नाइटवुड ओक लागतो. या वृक्षाचे वय पाचशे वर्षांहून अधिक असून बुंध्याचा घेर सात मीटरपेक्षा जास्त आहे. त्याचा शेंडा कधी काळी छाटला गेल्याने त्याला माणसाच्या आवाक्याच्या वर अनेक जाड फांद्या फुटल्या आहेत. नौदलाला सरळ, लांब लाकूड हवे म्हणून १६९८ च्या कायद्याने अशी छाटणी बंद झाली. त्यामुळे फांद्यांचा असा पिसारा दिसला की ते झाड बहुधा त्याआधीचे, अशी खूणगाठ बांधता येते. पुढे मार्क ॲश येथील जुने बीचवन आणि बोल्डरवुडची हरणे पाहून परत फिरता येते. पश्चिमेला होम्सलीकडे जाणारी वाट जुन्या लोहमार्गावरून जाते. १८४७ मध्ये सुरू झालेला हा मार्ग इतकी वळणे घेई की त्याचा पुरस्कर्ता कॅसलमन याच्या नावाने लोक त्याला 'कॅसलमनचा कॉर्कस्क्रू' म्हणत. १९६४ मध्ये प्रवासी गाड्या बंद झाल्या आणि रूळ गेले. आता चढउतार नसलेली ती वाट सायकलस्वारांना लाभली आहे.

उत्तरेकडे मिनस्टेड गावाच्या चर्चच्या आवारात शेरलॉक होम्सचा जनक सर आर्थर कॉनन डॉइल याची कबर आहे. १९३० मध्ये त्याचे दफन ससेक्समधील घराच्या बागेत झाले होते, १९५५ मध्ये अवशेष येथे आणले गेले. तेथून जवळच 'रुफस स्टोन' आहे. विजेत्या विल्यमचा मुलगा दुसरा विल्यम, ज्याला तांबूस वर्णामुळे रुफस म्हणत, २ ऑगस्ट ११०० रोजी या अरण्यात शिकार करताना बाण लागून मेला. बाण वॉल्टर टिरेल या सरदाराचा होता असे सांगतात. तो अपघात की खून, याचा निकाल नऊ शतकांत लागलेला नाही. राजाचे शव कोळसे पाडणाऱ्या एका गरिबाने गाडीवरून विंचेस्टरला नेले, अशी लोककथा आहे. स्मारकशिला अठराव्या शतकातील असून ती नासधूस होऊ लागल्याने १८४१ मध्ये तिला लोखंडी आवरण घालावे लागले. राजा प्रत्यक्षात ब्यूलीजवळ पडला, असेही काही अभ्यासकांचे मत आहे.

हे ब्यूली ब्रॉकनहर्स्टच्या पूर्वेला सुमारे दहा किलोमीटरवर आहे. जॉन राजाने १२०४ मध्ये सिस्टर्शियन पंथाच्या साधूंसाठी येथे मठ स्थापन केला. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीच्या आज्ञेने तो मोडण्यात आला, तरी साधूंचे भोजनगृह गावाचे चर्च म्हणून टिकले. दुसऱ्या महायुद्धात याच परिसरातील घरांमध्ये ब्रिटनच्या गुप्त हस्तकांना अखेरचे शिक्षण दिले जाई. टिपू सुलतानाच्या वंशातील नूर इनायत खान हीसुद्धा १९४३ मध्ये फ्रान्सला जाण्यापूर्वी येथे होती. तिची पुढे नाझींनी हत्या केली. ब्यूली नदीच्या काठाने पुढे बकलर्स हार्ड हे चिमुकले गाव लागते. नेल्सनचे आवडते 'अगामेम्नॉन' जहाज १७८१ मध्ये येथेच पाण्यात उतरले. ते न्यू फॉरेस्टच्या ओकचे. अशा जहाजांनी इंग्लंडची ओकवने आटू लागली, तेव्हा ब्रिटिश नौदलाची नजर मुंबईच्या सागवानाकडे वळली आणि १८१० मध्ये वाडियांच्या हातचे 'मिंडेन' मुंबईच्या गोदीतून बाहेर पडले.

वाटेत तट्टे रस्त्यावरच उभी असतील, तर घंटी न वाजवता सावकाश बाजूने जावे. त्यांना खाऊ घालण्यास मनाई आहे, कारण त्या आशेने ती रस्त्यावर येतात आणि गाडीखाली सापडतात. उन्हाळ्यात नेच्यांतून फिरल्यावर अंगावर गोचीड नाही ना, हे संध्याकाळी पाहणे आवश्यक; येथील गोचिडांमुळे लाइम रोगाचा धोका असतो.

परतीची गाडी पकडण्याआधी ब्रॉकनहर्स्टच्या सेंट निकोलस चर्चकडे वळण्यास हरकत नाही. आवारात हजार वर्षांहून जुना यू वृक्ष आहे. पहिल्या महायुद्धात, १९१४ आणि १९१५ मध्ये, फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी सैनिकांना या गावात आणले जाई. गावातील मोठी हॉटेले इस्पितळे झाली होती आणि त्यांखेरीज लेडी हार्डिंग यांच्या नावाचे खास इस्पितळ उभारले गेले. हिंदी सैनिक गेल्यावर न्यूझीलंडचे सैनिक आले. त्यांच्या नव्वदहून अधिक कबरी येथे रांगेने आहेत आणि त्यांच्यासोबत मोजक्या हिंदी सैनिकांच्याही. गावातील एका रस्त्याचे नाव आजही 'मीरत रोड' आहे. बरे होत आलेल्या सैनिकांना पुढे बार्टन येथे समुद्रकाठी हवापालटासाठी पाठवीत. तेथे १९१७ मध्ये उभारलेला त्यांचा दगडी स्मृतिस्तंभ अद्याप उभा आहे.