पाकिटाची मागची बाजू

बियाण्याच्या पाकिटाला दोन बाजू असतात. पुढच्या बाजूला टपोरी बोंडं, चकाकणारी वांगी किंवा हातात कणीस धरून हसणारा शेतकरी असतो. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लॉट नंबर, चाचणीची तारीख, उगवणशक्तीची टक्केवारी, शुद्धता, वजन आणि किंमत. पुढची बाजू माल विकण्यासाठी असते. मागची बाजू कायद्याने छापायला लावलेली असते आणि भांडण कोर्टात गेलं की हीच बाजू कामाला येते.

ही मागची बाजू कशी घडत गेली याची गोष्ट सांगायची तर जालन्यापासून सुरुवात करावी लागते.

‘जालना सोने का पालना’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. मराठवाड्यातलं हे जुनं व्यापारी गाव. १ मे १९८१ रोजी ते जिल्ह्याचं ठिकाण झालं, पण त्याआधीच त्याचं नाव देशभर पोचलं होतं ते बियाण्यांमुळे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी काढली. ‘महिको’ हे तिचंच लघुरूप. भेंडीच्या ‘पुसा सावनी’ या सुधारित वाणापासून सुरू झालेलं काम ज्वारी, बाजरी, कापूस, सूर्यफूल असं वाढत गेलं. आसपासच्या गावांतले शेतकरी कंपनीसाठी बीजोत्पादन करू लागले. एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर हाताने टेकवण्याचं नाजूक काम घरोघरच्या बायामाणसांनी शिकून घेतलं. ज्या भागात पावसाचा भरवसा नाही, तिथे हा मोठाच आधार होता.

त्याबरोबर एक गोष्ट शांतपणे बदलली. त्याआधी बियाणं घरचं असायचं. चांगली कणसं निवडून बाजूला ठेवायची, दाणे राखेत घोळून मडक्यात भरायचे आणि मृगाच्या तोंडावर काढायचे. कमी पडलं तर शेजाऱ्याकडून सवाईने आणायचे. संकरित बियाण्याचं तसं नाही. त्यातून आलेलं पीक जोमदार असतं, पण त्या पिकाचे दाणे पुन्हा पेरले तर पुढची पिढी सारखी येत नाही, जोम ओसरतो. म्हणून दर वर्षी नवं पाकीट घ्यावं लागतं. शेतकरी पिकवणारा होताच, आता तो गिऱ्हाईकही झाला.

गिऱ्हाईक म्हटलं की फसवणुकीची शक्यता आली. १९६६ चा बियाणे कायदा आला तो यासाठीच. पाकिटावर काय लिहायचं हे त्याने ठरवलं. मात्र सरकारी यंत्रणेकडून प्रमाणित करून घेणं प्रत्येक बियाण्याला सक्तीचं नव्हतं. निळ्या टॅगचं बियाणं प्रमाणित असतं. खासगी कंपन्यांचं बरंचसं संकरित बियाणं मात्र ‘सत्यतादर्शक’ म्हणून विकलं जातं. म्हणजे त्याची उगवणशक्ती किती, हे कंपनी स्वतः सांगते आणि त्याची जबाबदारी घेते. तपासणी झालीच तर नंतर. तोवर गिऱ्हाइकाच्या हातात असतो तो फक्त कंपनीचा शब्द.

पेरलेल्याचा नमुना आणायचा कुठून?

१९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. भेसळ, वजनमापातली फसवणूक आणि नफेखोरी यांविरुद्ध मध्यमवर्गीय ग्राहक संघटित होऊ लागला. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. आपण दर वर्षी याच तारखेला राष्ट्रीय ग्राहक दिन पाळतो. जिल्ह्याजिल्ह्यांत ग्राहक मंच आले. मिक्सर बिघडला तर दाद मागता येऊ लागली. प्रश्न होता बियाणं उगवलं नाही तर काय?

कायद्यात एक कलम होतं. मालातला दोष प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय कळणार नसेल तर मालाचा नमुना तपासणीला पाठवायचा. मिक्सरच्या बाबतीत हे सरळ आहे, कारण बिघडलेला मिक्सर घरातच असतो. बियाणं मात्र जमिनीत गेलेलं असतं. ते उगवलं नाही हे कळायला आठ-दहा दिवस जातात आणि तोवर पाकीट रिकामं झालेलं असतं. ‘नमुना तपासलेला नाही, म्हणून दोष सिद्ध होत नाही,’ एवढं एक वाक्य कंपनीच्या वकिलाला पुरत असे.

१९९८ हे साल इथे लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला आणि जालन्याचं नाव जगाच्या नकाशावर गेलं. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने महिकोच्याच एका अपिलावर निकाल दिला. कंपनीचं म्हणणं तेच होतं, नमुना तपासलेला नाही. न्यायालयाने ते मानलं नाही. शेतकरी विकत घेतलेलं सगळं बियाणं पेरून मोकळा होणार, हे उघड आहे. त्याच्याकडे नमुना उरणार कुठून? त्याच लॉटचं बियाणं कंपनीकडे असू शकतं. तिला तपासणी हवी होती तर तिनेच तसा अर्ज करायला हवा होता.

बोजा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेला. पुढे १६ जानेवारी २०१२ रोजी राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी स्पष्ट केलं. बियाणं विकत घेणारा शेतकरी ग्राहकच आहे, वेगळा बियाणे कायदा आहे म्हणून त्याला ग्राहक मंचाचं दार बंद होत नाही आणि चाचणीसाठी त्याने बियाणं बाजूला काढून ठेवावं अशी अपेक्षा धरता येत नाही. यावेळी समोरचा पक्ष सरकारी कंपनी होता, हेही ध्यानात ठेवायला हवं. बियाणं खासगी असो वा सरकारी, शेतकऱ्याची अडचण एकच असते. माहिती विकणाऱ्याकडे असते आणि नुकसान घेणाऱ्याकडे.

किमतीच्या पोटातली किंमत

१९९८ मध्ये आणखी एक गोष्ट घडली. अमेरिकेच्या मोन्सॅन्टो कंपनीने महिकोत २६ टक्के भांडवल घेतलं. दोघींची मिळून एक नवी कंपनी उभी राहिली. २६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने महिकोच्या तीन बीटी कापूस वाणांना परवानगी दिली. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कापसात घातलेलं, त्यामुळे बोंडअळी झाड खाते आणि मरते. फवारण्या कमी लागतील म्हणून शेतकऱ्यांनी हे बियाणं उचललं. काही वर्षांत देशातला बहुतेक कापूस बीटी झाला.

४५० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत एका टप्प्यावर १८५० रुपये होती. साध्या संकरित कापसाच्या मानाने ती कित्येक पट होती. त्यातला निम्म्याहून मोठा हिस्सा बियाण्याचा नव्हताच. जनुक वापरू दिल्याबद्दल तंत्रज्ञानाच्या मालकाला द्यायचं ते शुल्क होतं. पाकिटावर मात्र एकच आकडा छापलेला असे, एकूण किंमत. पोटातला आकडा बाहेर आला तो आंध्र प्रदेश सरकारने २००६ साली मक्तेदारी व निर्बंधक व्यापार प्रथा आयोगाकडे तक्रार केली तेव्हा. आयोगाने ११ मे २००६ रोजी शुल्क वाजवी करण्याचा अंतरिम आदेश दिला आणि आंध्रात पाकीट ७५० रुपयांवर आलं. इतर राज्यांतही भाव उतरले. महाराष्ट्राने २००९ साली कापूस बियाण्यासाठी स्वतंत्र कायदाच केला आणि किंमत ठरवण्याचा अधिकार घेतला. २०१६ पासून केंद्र सरकार दर ठरवू लागलं. बोलगार्ड-२ चं पाकीट ८०० रुपये, त्यात जनुकाचं शुल्क ४९ रुपये. २०२० मध्ये हे शुल्क शून्यावर आलं.

कंपन्यांचं म्हणणं असं की संशोधनाला पैसा लागतो, शुल्कच मिळणार नसेल तर नवं तंत्रज्ञान इथे आणायचं कुणी? हा प्रश्न खोटा नाही. पण तो उघडपणे विचारला गेला, तोही पोटातला आकडा बाहेर आल्यावरच.

वांग्याचे कागद

कापूस कुणी खात नाही, असं म्हणून आपण शहरातले लोक त्या वादापासून लांब राहिलो. खरं तर सरकीचं तेल आपल्या पोटात जातं आणि सरकीची पेंड म्हशीच्या. पण ताटात थेट दिसणारी भाजी आली तेव्हाच खाणारा जागा झाला.

जालन्याजवळ दावलवाडीला महिकोचं संशोधन केंद्र आहे. कंपनीने वांग्यातही तसंच जनुक घातलं. कारण होतं. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी वांग्याचं अतोनात नुकसान करते आणि तिच्यासाठी शेतकरी फवारण्यांवर फवारण्या करतो. आपण भरीत करायला आणतो त्या वांग्यावर किती औषध मारलेलं आहे, हे मंडईत कुणी सांगत नाही. बीटी वांगं हा त्यावरचा एक उपाय होता. मात्र ते खाण्यास सुरक्षित आहे की नाही याच्या चाचण्या कंपनीने करवून सरकारला सादर केल्या होत्या आणि ते कागद लोकांना पाहायला मिळत नव्हते.

माहिती अधिकाराचा कायदा नुकताच, २००५ मध्ये आला होता. २००६ साली ग्रीनपीसच्या वतीने चाचण्यांचा तपशील मागितला गेला. व्यापारी गुपित म्हणून नकार आला. केंद्रीय माहिती आयोगाने २००७ मध्ये माहिती द्या असं सांगितलं, तर कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. शेवटी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, जीएम पिकांविषयीच्या वेगळ्या जनहित याचिकेत, विषारीपणा आणि ॲलर्जीविषयीची माहिती सार्वजनिक करण्यास सांगितलं. कागद संकेतस्थळावर आले.

पुढे काय झालं ते महत्त्वाचं. फ्रान्समधले शास्त्रज्ञ जिल-एरिक सेरालिनी यांनी त्या कागदांवर आक्षेप घेतले. इथल्या तज्ज्ञ समितीने ते तपासून फेटाळले. १४ ऑक्टोबर २००९ रोजी समितीने बीटी वांग्याला हिरवा कंदील दाखवला. त्यावर गदारोळ झाला. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी जानेवारी-फेब्रुवारी २०१० मध्ये सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. त्यांत आपलं नागपूरही होतं. एकूण सुमारे आठ हजार लोक आले. शेतकरी दोन्ही बाजूंनी होते. ९ फेब्रुवारी २०१० रोजी रमेश यांनी स्थगिती जाहीर केली आणि ती अजून उठलेली नाही. जालन्यातलं तेच जनुक असलेलं वांगं बांगलादेशाने मात्र २०१३ मध्ये मान्य केलं आणि २०१४ पासून तिथे ते पिकतं.

बरोबर कोण, याचा निकाल इथे लावायचा नाही. कदाचित बांगलादेशातल्या शेतकऱ्याची फवारणी वाचली असेल आणि आपल्याकडच्याची नाही. पण एक गोष्ट पहिल्यांदाच झाली. एका भाजीबद्दल बाजूचे आणि विरोधातले लोक एकाच कागदावर बोट ठेवून भांडले. १ जानेवारी २०१३ पासून बंद पाकिटातल्या जीएम खाद्यपदार्थांवर तसं लिहिणं बंधनकारक झालं. मंडईतल्या ढिगातल्या वांग्याला कुठलं पाकीट? तो प्रश्न तसाच राहिला.

बिल ठेवलंय का?

२०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळी परतली. जनुकाला ती सरावली होती. मराठवाडा-विदर्भात बोंडं आतून किडली. डिसेंबरात राज्य सरकारने कोरडवाहू कापसाला हेक्टरी ३०,८०० रुपयांची मदत जाहीर केली. त्यातले १६,००० रुपये बियाणे कंपन्यांनी द्यायचे होते. उरलेले आपत्ती निधीतून आणि पीक विम्यातून. शेतकऱ्यांनी ‘जी’ फॉर्म भरले. फॉर्मसोबत हवं होतं बिल आणि लॉट नंबर. जूनमध्ये घेतलेलं बिल डिसेंबरपर्यंत किती घरांत टिकतं? अनेकांनी उधारीवर बियाणं घेतलेलं, त्यांना बिल मिळालंच नव्हतं. कंपन्यांनी आपली जबाबदारी नाकारली. अळी सरावली यात बियाण्याचा दोष नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

याची दुसरी टोकाची बाजूही आहे. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेने परवानगी नसलेलं तणनाशक-सहनशील कापसाचं बियाणं जाहीरपणे पेरलं. तंत्रज्ञान निवडण्याचं स्वातंत्र्य हवं, ही मागणी समजण्यासारखी आहे. पण बेकायदा बियाण्याला बिल नसतं, लॉट नंबर नसतो. ते उगवलं नाही तर जायचं कुठे? परवानगी नाकारून सरकारने बियाणं थांबवलं नाही, फक्त त्याच्या पाकिटाची मागची बाजू कोरी करून टाकली.

जालन्यातून निघालेल्या या साठ वर्षांच्या गोष्टीत शेतकरी आणि खाणारा दोघांनीही एकच गोष्ट मागितली. तुमच्याकडे जे कागद आहेत ते आम्हालाही दाखवा. शेतकऱ्याला लॉटचा नमुना हवा होता, राज्य सरकारला किमतीच्या पोटातला आकडा, खाणाऱ्याला चाचण्यांचे निकाल. जिथे कागद मिळाला तिथे भांडण पुढे सरकलं. जिथे मिळाला नाही तिथे नुकसान ज्याचं त्याने सोसलं.

येत्या जूनमध्ये घरी कुणी बियाणं आणलं तर एक काम तुमच्या मोबाइलवर होण्यासारखं आहे. बिलाचा आणि पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा, रिकामं पाकीट फेकू नका आणि मूठभर बियाणं त्याच पाकिटात राखून ठेवा. न्यायालयाने ते सक्तीचं केलेलं नाही. पण ग्राहक आयोगासमोर उभं राहायची वेळ आली तर हातात काहीतरी असलेलं बरं.