शुभवर्तमानाचा अधिकार आणि आपला प्रश्न

मार्ककृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात एक प्रसंग आहे. यरुशलेमच्या मंदिरात मुख्य याजक, शास्त्री आणि वडीलजन येशूला गाठतात आणि विचारतात, तू हे कोणत्या अधिकाराने करतोस? येशू सरळ उत्तर देत नाही. योहानाचा बाप्तिस्मा स्वर्गापासून होता की माणसांपासून, असे तो त्यांनाच विचारतो. लोकांच्या भीतीने त्यांची वाचा बसते.

हा प्रसंग मी प्रथम ऐकला तो माझ्या चुलत आजोबांकडून. आमचे घराणे धाराशिव जिल्ह्यातले. एक शाखा ख्रिस्ती, दुसरी 1956 नंतर बौद्ध झालेली. मी दुसऱ्या शाखेतला. आजोबा म्हणत, "बाळा, हे शुभवर्तमान माणसाचं न्हाई, देवाचं हाय." आणि माझे वडील म्हणत, "देवाचं म्हणून सांगितलेलं आपण लई सोसलंय, तात्या." एकाच ओसरीवरचा हा वाद मला पुढे इतिहासाकडे घेऊन गेला.

ईश्वरी उगमाचा दावा जुना आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल ठामपणे सांगतो की, आपण सांगतो ते शुभवर्तमान मनुष्याकडून मिळालेले नाही. इकडे वैदिक परंपराही वेदांना अपौरुषेय म्हणते. वरवर पाहता दोन्ही दावे सारखेच. पण अस्पृश्याने विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हा देवाचा शब्द ऐकण्याचा अधिकार कोणाला? वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात तापलेले कथील आणि लाख ओतण्याचा दंड गौतम धर्मसूत्राने सांगितला. याउलट, पेत्र आणि योहान ही निरक्षर, सामान्य माणसे आहेत हे बायबलच नोंदवते, आणि साऱ्या राष्ट्रांना सांगा अशी त्यांना आज्ञा होती. शुभवर्तमाने लिहिली गेली तीही बाजारात बोलल्या जाणाऱ्या सामान्य ग्रीक भाषेत.

तो काळ आपल्या जिल्ह्यालाही परका नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक नाविकाच्या प्रवासवर्णनात तगर नगराचा उल्लेख आहे. ते तगर म्हणजे आपले तेर. तेथील त्रिविक्रम मंदिर ही मुळात बौद्ध चैत्याची वास्तू होती, असे पुरातत्त्वज्ञ सांगतात. म्हणजे शुभवर्तमाने लिहिली जात होती त्या काळात तेरचा माल रोमन जगाकडे जात होता. पुढे त्याच चैत्यात विष्णू उभा राहिला. देवाचा अधिकार माणसे कसा बदलतात, हे पाहायला आपल्याला दूर जावे लागत नाही.

मराठीत नवा करार अमेरिकन मिशनने 1826 साली मुंबईत छापला. महार-मांगांच्या हाती छापील धर्मग्रंथ पडणे हीच एक क्रांती होती. मराठवाड्यात नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवले, त्यात मांग कुटुंबे मोठ्या संख्येने होती. स्वतः ब्राह्मण जन्माच्या माणसाने हे केले, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु शब्द देवाचा असला तरी त्याचा अर्थ लावणारा माणूसच असतो. हे पंडिता रमाबाईंनी ओळखले. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे आपली विवेकबुद्धी गहाण टाकली नाही. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडाखाली जाणार नाही, ही त्यांची भूमिका होती. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 साली प्रसिद्ध झाले. ग्रंथ देवाचा मानला, पण वाचण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवला.

जोतीराव फुले याहून पुढे गेले. 'गुलामगिरी'त त्यांनी येशूला बळीराजाच्या परंपरेत बसवले, पण कोणताही ग्रंथ ईश्वराने लिहिलेला आहे हे त्यांनी मानले नाही. एकाच घरात बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी होऊन सलोख्याने राहू शकतील, असे चित्र त्यांच्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त आहे. आमची ओसरी मला त्या चित्रासारखी वाटते.

1 जानेवारी 1938 रोजी शेजारच्या सोलापुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर ख्रिस्ती समाजापुढे बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांनी आपल्या मनाची पकड घेतली, असे त्यांनी सांगितले. त्याच भाषणात दक्षिणेतील चर्चमधल्या जातिभेदावर आणि सामाजिक अन्यायाविरुद्ध न लढणाऱ्या ख्रिस्ती समाजावर त्यांनी बोट ठेवले. फेब्रुवारी 1941 मध्ये ते आपल्या कसबे तडवळ्यात महार-मांग परिषदेसाठी आले. आणि शेवटी त्यांनी निवडला तो बुद्ध, ज्याने आपल्या वचनासाठी ईश्वरी उगमाचा दावाच केला नाही, स्वतःला मोक्षदाता न म्हणता मार्गदाता म्हटले.

मग आजोबा चुकले काय? मला तसे वाटत नाही. ज्याला गावाने माणूस मानले नाही, त्याला आपल्याशी देव स्वतः बोलला हे ऐकून ताठ उभे राहता आले. तो ताठपणा खरा होता. खोटा ठरला तो जात वेशीबाहेर ठेवण्याचा दावा. दफनभूमीतही जातीची भिंत घालणाऱ्यांनी तो दावा खोटा पाडला.

आणि राज्यसंस्था? 1950 च्या अनुसूचित जाती आदेशात प्रथम मुख्यतः हिंदूच होते. 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध आले. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. धर्माची अट काढा, असे रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 साली सुचवले. माझ्या चुलत भावाचे आडनाव तेच, वस्ती तीच, गावाने दिलेली वागणूकही तीच. दाखला मात्र वेगळा.

शुभवर्तमान देवाचे की माणसांचे, हा वाद ओसरीवर चालू राहो. माझ्यापुरती कसोटी एवढीच आहे: जो शब्द ऐकून खालचा माणूस वरच्याला 'कोणत्या अधिकाराने?' असे विचारू लागतो, तो शब्द आपला. ज्या शब्दाने तो गप्प बसतो, तो कोणत्याही स्वर्गातून आलेला असो, आपण नाकारला पाहिजे.