त्रुटित नोंदींची साक्ष
(आयुर्मानाच्या कोष्टकांचा इतिहास)

ज्या कागदाचा शेवट फाटला आहे तो पुराव्यांतून बाद करावा कीं ठेवावा, हा प्रश्न संशोधकांस नवा नाहीं. रोगी किती वर्षें जगतात याचें गणित मांडणारांपुढेंही हाच प्रश्न उभा राहतो. त्याची हकीकत येथें थोडक्यांत देत आहों.

या गणिताचें आरंभींचें एक साधन म्हणजे लंडनच्या मृत्यूंच्या साप्ताहिक याद्या होत. जॉन ग्राँट या कापडाच्या व्यापाऱ्यानें त्या तपासून इ. स. १६६२ मध्यें ग्रंथ प्रसिद्ध केला. याद्यांत मृत्यूचें कारण असे, वय नसे. तेव्हां बालरोगांवरून त्यानें अनुमान बांधलें कीं, जन्मलेल्या १०० पैकीं ३६ सहा वर्षांच्या आंत मरतात. पुढील वयांचे आंकडे मात्र बहुतांशीं तर्काचे होते.

ही उणीव ब्रेस्लाउ (सध्यांचें पोलंडांतील व्रोत्स्वाफ) शहराच्या नोंदींनीं भरून काढली. धर्मोपदेशक कास्पर नॉयमान यानें जमविलेल्या १६८७ ते १६९१ च्या या नोंदींत मृताचें वय होतें. त्यांवरून ज्योतिर्विद एडमंड हॅले यानें १६९३ सालीं कोष्टक रचलें. त्यांत पहिल्या वर्षाच्या १००० पैकीं विसाव्या वर्षीं ५९८ उरतात.

परंतु ज्या रोग्याचा पुढें मागच लागत नाहीं, त्याचें काय करावें? एडवर्ड कॅप्लन व पॉल मायर यांनीं यावर स्वतंत्रपणें लिहिलेले लेख एकत्र होऊन १९५८ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांची रीत अशी: १० रोग्यांपैकीं पहिल्या वर्षीं एक वारला, म्हणजे ९/१० उरले. वर्षअखेर एकाचा माग सुटला. राहिलेल्या ८ पैकीं दुसऱ्या वर्षीं एक वारला, म्हणजे ७/८. दोहोंचा गुणाकार शेंकडा सुमारें ७९ येतो. बेपत्त्यास मृत गणल्यास ७० येते, शेवटपर्यंत जिवंत गणल्यास ८०. आणि अजिबात वगळल्यास तो एक वर्ष जगला ही खात्रीची साक्ष फुकट जाते. जेथवर नोंद आहे तेथवर ती प्रमाण मानावी, पुढें मौन धरावें, हें या रीतीचें सार होय.

मात्र माग सुटणें रोगाशीं निगडित नसावें, अशी तिची अट आहे. दुखणें बळावलेलेच रोगी नाहींसे होत असतील तर गणित फसतें. कागद वाळवीनें खाल्ला कीं कोणीं हेतुतः फाडला, हें संशोधकानें आधीं पाहावें लागतें, तें याच कारणास्तव.